एकोणीस दिवसांचे आकडे

आमच्या शेडमध्ये माती नाही. चपलांना लागून येते तेवढीच, आणि तीही आत्या दारातल्या पायपुसण्यावर अडवते. बाकी सगळं पाणी. एका बाजूला चार निळ्या गोल टाक्या, प्रत्येकीत चारशे मासे. दुसऱ्या बाजूला सहा लांबलचक वाफे, त्यांत दीड वीत पाणी, पाण्यावर तरंगणारे थर्माकोलचे तक्ते, तक्त्यांना भोकं, आणि भोकाभोकातून वर आलेली लेट्यूसची पानं. मासे पाणी घाण करतात. ते पाणी मधल्या टाकीत जातं. तिथे प्लास्टिकच्या हजारो चकत्यांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू बसलेले असतात, ते त्या घाणीचं खत करतात. खताचं पाणी वाफ्यांत येतं, मुळं ते पितात आणि स्वच्छ झालेलं पाणी पंप परत माशांकडे पाठवतो. पाहुण्यांना एवढं सांगायला बाबाला वीस मिनिटं लागतात, कारण तो मध्येमध्ये मासे दाखवतो.

मासे बाबाचे, पानं आत्याची. आत्या ही बाबाची थोरली बहीण. आधी ती शर्टांच्या कारखान्यात काजं करायची, अठरा वर्षं. ती म्हणते, अठरा वर्षांत तिने इतकी भोकं पाडली आणि त्यांतून एकदाही काही उगवलं नाही. म्हणून ती इथे आली.

भांडण होतं ते पाण्यावरून. पाणी आंबट किती, हे पीएचच्या आकड्याने मोजतात. सात म्हणजे मधलं, सातच्या खाली आंबट, वर गेलं की उलट. माशांना आणि जिवाणूंना सातच्या आसपास बरं वाटतं. पानांना सहाच्या आसपास. आणि पाणी तर एकच. मागच्या वर्षी बाबा कुणाला न सांगता चुन्याची निवळी ओतून आकडा वर न्यायचा आणि आत्या कुणाला न सांगता व्हिनेगर ओतून खाली आणायची. आठवडाभर दोघंही खूश होते. मग एका सकाळी अडतीस मासे उताणे तरंगताना दिसले आणि दोघांनाही सगळं सांगावं लागलं.

"पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं, ताई?" बाबा म्हणाला होता.

"मी पाण्यात राहत नाही. मी बाजूला स्टुलावर बसते," आत्या म्हणाली होती.

आई औषधांच्या दुकानात काम करते. ती या भांडणात पडत नाही. तिचं म्हणणं, दुकानात येणारे लोक निदान चिठ्ठी तरी घेऊन येतात. पण त्या दिवशी तिनेच तोडगा काढला. "पोरीला मोजू दे," ती म्हणाली. "ती अजून कुणाच्याच बाजूची नाही."

तेव्हापासून दाराजवळच्या पांढऱ्या फळ्यावर रोज सकाळी मी आकडा लिहायचे. तीन ठिकाणचं पाणी तीन काचनळ्यांत घ्यायचं, प्रत्येकीत औषधाचे तीन थेंब टाकायचे, हलवायचं आणि येणारा रंग कार्डाशी ताडून बघायचा. पिवळा म्हणजे सहा, हिरवट म्हणजे साडेसहाच्या आसपास, निळा म्हणजे सात आणि पुढे. कार्डावरचा शेवटचा निळा सात पॉइंट सहाचा, त्यापुढे कार्ड संपतं. नियम एकच होता: फळा सांगेल तेच करायचं. साडेसहा लिहिलं की बाबाने दोन मग निवळी टाकायची. त्याहून वर असेल तर कुणीही पाण्यात काही टाकायचं नाही.

दोन मोठी माणसं, जी एकमेकांचं ऐकत नव्हती, ती माझ्या आकड्याचं ऐकायला लागली. याचा माणसावर परिणाम होतो. त्याआधी वर्गात हजेरीला मी "हजर" म्हणायचे तेव्हा शेजारणीला हात वर करून बाईंना सांगावं लागायचं की ही आलीय. फळा हातात आल्यावर तीन महिन्यांत मी विज्ञानाच्या सरांना भर तासाला सांगितलं की पुस्तकातलं माशाचं चित्र चुकलंय. चुकलंच होतं, पोटाखालचा पर विसरले होते. मग सकाळी माइकवर बातम्या वाचायचं काम शाळेने मला दिलं. आत्या म्हणाली, "ठमे, आता तुझा आवाज आमच्या पंपावर चालायला लागलाय."

माइकसाठी अर्धा तास आधी निघावं लागायचं.

नळ्यांचा खेळ मी त्याआधीच सुरू केला होता. थेंब टाकायच्या आधी मनातल्या मनात आकडा सांगायचा आणि मग रंग बघायचा. सतरा वेळा बरोबर आला. त्यात कसलीच जादू नव्हती. आमचं पाणी अगदी ठरल्याप्रमाणे वागायचं: सहा पॉइंट आठ, सात, सहा, पाच, मग बाबाची निवळी, मग पुन्हा सहा पॉइंट आठ. मासे खातात, जिवाणू काम करतात आणि काम करता करता पाणी आंबट करत जातात. दिवसाला एक घर खाली. ज्याला पाढे येतात त्याला हे येणारच.

माइकच्या पहिल्याच दिवशी मला उशीर झाला, आणि मी नळ्या न काढता फळ्यावर सहा पॉइंट सात लिहिलं. दुसऱ्या दिवशी उशीर झाला नव्हता. तरी मी सहा पॉइंट सहा लिहिलं. मला ते माहीतच होतं. माहीत असलेली गोष्ट पुन्हा कशाला मोजायची?

त्याच आठवड्यात गारठा पडला.

आणि त्याच आठवड्यात बाबा आणि आत्याचा करार झाला. बाबाला माशांच्या आणखी दोन टाक्या हव्या होत्या. मासे वर्षभर विकले जात होते आणि लेट्यूसच्या मागे मात्र दारोदार फिरावं लागत होतं. जागा काढायची तर ती वाफ्यांतूनच. सहापैकी चार वाफे उचलायचे आणि पाणी गाळायला मोठं यंत्र बसवायचं, असा त्याचा बेत होता.

"उरलेल्या दोन वाफ्यांना माझी गरज नाही," आत्या म्हणाली. "ते तू मासे बघता बघता बघशील. मी जाते परत काजं करायला."

"ताई, मी जा म्हणालो का?"

"तू म्हणाला नाहीस. तू टेप लावून मोजत होतास."

हॉटेलांना भाजी पुरवणारी एक खरेदीवाली बाई महिनाअखेरीला माल बघायला येणार होती. ठरलं असं: तिने लेट्यूस पसंत केलं तर सहाही वाफे राहतील आणि बाबा पुन्हा टेप काढणार नाही. नापसंत केलं तर चार वाफे उचलायचे. आत्याने बाबाचा हात धरून हलवला, दुकानदाराशी सौदा करावा तसा. मग आपल्या स्टुलावर बसून रोपांच्या मुळांना लागलेलं शेवाळ काढायला लागली.

दहाव्या-अकराव्या दिवशी तिला नवी पानं पिवळी दिसायला लागली. जुनी हिरवी, कोवळी मधली पिवळट आणि त्यांत शिरा तेवढ्या हिरव्या, जाळीसारख्या. तिने मला बोलावून दाखवलं.

"याला लोह मिळत नाहीये," ती म्हणाली. "लोह पाण्यात आहे, मीच घातलंय. पण पाणी सातच्या बरंच वर गेलं की झाडाला ते घेता येत नाही. ताटात वाढलंय आणि हात बांधलेत, असं होतं." मग तिने मान वळवून फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर माझ्या अक्षरात सहा पॉइंट सहा होतं. "पण तसं तर नाही."

खरं सांगायचं तर मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मला वाटलं, लोहाची पूड जुनी असेल.

बाबालाही तेच वाटलं. "तुझी पूड बदल, ताई. माझे मासे बघ कसे आहेत." मासे छानच होते. गारठ्यामुळे खात कमी होते, बाबाने त्यांचं खाणं तिसऱ्या हिश्श्यावर आणलं होतं, आणि ते तळाशी शहाण्यासारखे फिरत होते. बाबा दर चौथ्या दिवशी फळा बघून दोन मग निवळी टाकत होता. नियमाप्रमाणे.

आत्याने पूड बदलली. पानं पिवळीच. तिने वाफ्यांवरचे दिवे खाली घेतले, मग वर घेतले. एका शनिवारी ती कुणाला न सांगता कुठेतरी गेली आणि संध्याकाळी नवा चष्मा घालून आली.

"हा कशाला?" बाबाने विचारलं.

"पिवळं हिरवं कळत नसेल मला, म्हणून. फळा बरोबर आहे, मग माझेच डोळे चुकत असतील."

"मग? आता काय दिसतंय?"

"पिवळंच. पण स्वच्छ दिसतंय."

बाबा हसला. मीही हसले. नंतर घरी दात घासताना मला ते हसू आठवलं आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. चष्म्याच्या दुकानात जाण्याआधी तिने माझ्याकडे यायला हवं होतं. पण ती माझ्याकडे कशाला येईल? माझा आकडा फळ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, शेडमध्ये कुणी यायच्या आत मी तिन्ही नळ्या काढल्या. मनात आधी आकडा सांगितला नाही. तीन थेंब, हलवलं. पहिली नळी निळी झाली. दुसरी आणि तिसरीही. कार्डावरच्या शेवटच्या निळ्यापेक्षा गडद, शाईसारखी. मी नळ्या धुऊन पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा शाई.

मी तिथेच उलट्या क्रेटवर बसले आणि सगळं जुळवलं. जुळवायला फार वेळ लागला नाही, तेच वाईट होतं. गारठ्यात मासे कमी खातात, म्हणून घाण कमी, म्हणून जिवाणूंना काम कमी, म्हणून पाणी आंबट होतच नव्हतं. ते जागच्या जागी होतं. फळ्यावर मात्र रोज एक घर उतरत होतं, आणि उतरलं की बाबा निवळी टाकत होता. एकोणीस दिवसांत पाच वेळा.

एवढ्यात आत्या आली. तिने माझ्या हातातल्या नळ्या पाहिल्या.

"हे काय गं? एवढं निळं?"

"हो."

ती जवळ आली. नळी उजेडाकडे धरली, चष्मा वर करून पाहिली, चष्मा खाली करून पाहिली. मग म्हणाली, "बाटली जुनी झाली असेल. काल तर साडेसहा होतं ना?"

तिने स्वतःच मला वाट करून दिली. मी त्या वाटेने गेले. "असेल," मी म्हणाले.

बाबाने दुपारी नवी बाटली आणली. नव्या बाटलीतही शाई. मग तो वाफ्यांकडे गेला आणि आत्यासमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही. तो चढवत नाही, त्यामुळे जास्त लागतं.

"ताई, पाण्यात काय टाकलंस?"

आत्याने हात पुसले. "लोहाची पूड. ठरल्यापेक्षा दोन चमचे जास्त, दोन वेळा. पानं बघवत नव्हती."

"फळा बघून?"

"नाही."

"मग झालं तर."

लोहाच्या पुडीने पाणी एवढं वर जात नाही. हे मला माहीत होतं, आत्यालाही माहीत असणार. पण तिने नियम मोडला होता आणि मोडला म्हणून कबूलही केलं होतं, त्यामुळे पुढे तिला बोलता येईना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. फक्त इथे संन्यासी स्वतःच दोर आणून देत होता आणि चोर शेजारी नळ्या धूत होता.

खरेदीवाली बाई मंगळवारी येणार होती. सोमवारी मी शाळेत माइकवर बातम्या वाचल्या. सगळं व्यवस्थित वाचलं, एकही शब्द अडला नाही. मला त्याचंच आश्चर्य वाटलं.

मंगळवारी बाई आली. रबरी बूट आणि हातात वही, वहीत फक्त खुणा, शब्द नाहीत. तिने वाफ्यांवरून एकदा चालत फेरी मारली. एक पान तोडलं, मागून पाहिलं, तोंडात टाकलं. "चव चांगली आहे," ती म्हणाली. "रंग नाही. ताटात आधी रंग जातो, चव नंतर."

"आणखी पंधरा दिवसांत..." आत्या म्हणाली आणि थांबली. पंधरा दिवसांत काय होईल ते तिलाच माहीत नव्हतं.

"मासे चांगले दिसतायत," बाई म्हणाली.

"त्या बाजूलाही आता टाक्याच येणार आहेत," बाबा म्हणाला. "पुढच्या खेपेला याल तेव्हा वाफे दोनच असतील."

आत्या वाकून रिकामा तक्ता पुसायला लागली. तो तक्ता आधीच पुसलेला होता. मी बघत होते, तिने तो उलटा करून मागूनही पुसला.

तेव्हा मी बोलले. मला दुसरा आवाज सुचला नाही, म्हणून माइकवरचा आवाज लागला. मोठा, स्पष्ट, शब्द सुटा सुटा.

"रविवारच्या आधीचे एकोणीस दिवस मी पाणी मोजलेलं नाही. फळ्यावरचे आकडे मी अंदाजाने लिहिले. पाणी खाली जात नव्हतं, मी ते खाली नेत होते. बाबाने माझा आकडा बघून पाच वेळा निवळी टाकली. पानं त्यामुळे पिवळी पडली. आत्याच्या पुडीमुळे नाही."

खरेदीवाल्या बाईने वहीतून वर बघितलं.

"मला कारणाशी काय करायचंय?" ती म्हणाली. रागाने नाही. "हिरवं झालं की फोन करा." आणि वही मिटून ती निघाली. दारातल्या पायपुसण्यावर तिने जातानाही बूट पुसले.

बाबा फळ्यासमोर जाऊन उभा राहिला. आधीचे आकडे मी रोज पुसायचे, त्यामुळे तिथे एकच आकडा होता, पण तो असा बघत होता जणू सगळे एकोणीस दिसतायत.

"एकदाही नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"मी खाणं कमी केलं तेव्हाच मला कळायला हवं होतं," तो स्वतःशीच म्हणाला. "मासे खात नाहीत तर पाणी आंबट होईल कशाने. मी विचारच केला नाही. फळा होता ना." मग माझ्याकडे वळून, "रविवारी नळी निळी झाली तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी ताईला विचारत होतो तेव्हा तू तिथे होतीस."

"नळ्या धूत होते."

त्याने मान हलवली. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मी उलट बोलले असते. आजकाल मला ते छान जमतं. पण तो आत्याकडे गेला. दोघं वाफ्याच्या दोन बाजूंना उभे होते, मध्ये पिवळं लेट्यूस.

"ताई, वाफे राहतील."

"करार तसा नव्हता," आत्या म्हणाली. "बाईने नापसंत केलं."

"करार पाण्यावर होता. पाणीच खोटं होतं."

"आणि टेप?"

"नाही काढणार."

आत्याने तक्ता खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल म्हणून मी बघत होते. तशी काही दिसली नाही. ती सरळ माझ्यासमोर आली आणि चष्मा काढून माझ्यापुढे धरला.

"मला वाटलं माझे डोळे गेले," ती म्हणाली. "त्या डोळे तपासणाऱ्याने मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी सगळी वाचली, अगदी खालची ओळसुद्धा. तो म्हणाला, काकू, तुम्हाला चष्म्याची गरज नाही. मी म्हणाले, गरज आहे, तुम्ही द्या."

मी चष्मा हातात घेतला.

"वीस वर्षांची होते तेव्हा कारखान्यातली मुकादम म्हणायची, काज तिरकं आलंय, आणि मला तर सरळ दिसायचं. सरळच असायचं ते. इथे आले तेव्हा मला वाटलं, आता माझं दिसणं माझं." ती थांबली. "चार दिवस माझ्याशी बोलू नकोस. पाचव्या दिवशी बघू."

मोजणी माझ्याकडून गेली. आता रोज सकाळी बाबा आणि आत्या दोघंही नळीसमोर उभे राहतात, कारण एकट्याच्या आकड्यावर दोघांचाही विश्वास उरलेला नाही. एकजण नळी धरतो, दुसरा कार्ड. "हा सात पॉइंट चार," बाबा म्हणतो. "तुझ्या माशांच्या डोळ्यांनी," आत्या म्हणते. वीस मिनिटं जातात. पाणी हळूहळू खाली येत होतं, खरोखर येत होतं. बाबाने खाणं वाढवलं होतं, निवळीचा मग दोरीला बांधून उंच टांगला होता, आणि आत्या पानांवर लोहाचं पाणी हाताने फवारत होती.

मी माइकचं काम सोडलं नाही. मला ते आवडतं, आणि सोडल्याने कुणाचं पान हिरवं होणार नव्हतं. मोजणी नव्हती, त्यामुळे आता उशीर होत नव्हता, एवढंच.

चार दिवस आत्या माझ्याशी बोलली नाही. ते तिने इतकं काटेकोर पाळलं, की तिला माझ्या मागची बादली हवी असेल तर ती मला वळसा घालून जायची. जेवताना मी एकदा पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने तो घेतला, प्याली आणि आईला म्हणाली, "तांब्या छान पुढे आला." आईने हसू दाबलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी पिवळं पीक उपटलं. बाबा आणि आत्या दोघांनीच, मी दारात उभी. सहाही वाफे रिकामे झाले, नुसतं पाणी आणि पांढरे तक्ते. एवढी मोठी जागा मी कधी पाहिली नव्हती.

पाचव्या दिवशी शाळेतून आले तेव्हा आत्या स्टुलावर बसून रोपांचा ट्रे मांडीवर घेऊन होती. करंगळीएवढी रोपं, दोन-दोन पानांची, दोनशेच्या वर. तिने वर न बघता शेजारच्या क्रेटवरची पिशवी खाली ठेवली, म्हणजे बसायला जागा झाली.

"हात धू," ती म्हणाली. "साबण नको, माशांना चालत नाही. आणि एका भोकात एकच रोप. अंदाजाने दोन नाही."

मी हात धुऊन बसले. पहिलं रोप मी हातात धरून इतका वेळ बघत राहिले की ती म्हणाली, "लाव आता, ते काही बोलणार नाहीये."